पीठ गार नव्हतं

त्या बेकरीत कायदा एकच होता, आणि तो कुठल्याही भिंतीवर लिहिलेला नव्हता. ताईंचा हात म्हणेल ते खरं.

रोज दुपारी पीठ मळायचं मोठं यंत्र थांबलं, की ताई बाह्या कोपराच्या वर सारायच्या, मनगटापर्यंत हात पिठात खुपसायच्या आणि डोळे मिटायच्या. मग हुकूम सुटायचा. "एक मग कोमट घाला!" नाहीतर, "गार पाणी, अर्धाच मग!" आणि सगळं मनासारखं असलं, की नुसतं "बास!" हे "बास" ऐकलं, की बेकरीतल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा. कारण पिठाचं तंत्र मोठं वाईट. जरा जास्त ऊब मिळाली, की ते बेताल फुगतं, आंबूस होतं आणि भट्टीत जायच्या आधीच बसतं. जरा गार राहिलं, की ढिम्म हलत नाही, आणि मग पाव असे निघतात की कोणाच्या डोक्यात घातले तर पोलीस यावेत.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी थर्मामीटर मिळतो की बाजारात. मिळतो ना. पण या बेकरीच्या थोरल्या मालकांच्या काळात एकदा तीन शहाण्यांनी एकाच पिठात तीन हात घालून तीन मतं दिली होती. एक म्हणाला गार, दुसरा म्हणाला गरम, तिसरा म्हणाला पाणीच कमी आहे. वाद मिटेपर्यंत पिठाने मान टाकली. त्या दिवशी थोरल्या मालकांनी कपाळावर हात मारून फर्मान काढलं, की यापुढे एकाच हाताचं ऐकायचं आणि त्या हाताशी कोणी हुज्जत घालायची नाही. तो हात ताईंचा ठरला. त्याला बावीस वर्षं झाली. थोरले मालक गेले, त्यांची मुलगी मालकीण झाली, यंत्र बदललं, भट्टी बदलली, पण फर्मान तसंच राहिलं.

आणि त्यातली एकवीस वर्षं तो हात चुकला नाही हो. खोटं कशाला बोलू?

चुकायला लागला तो गेल्या वर्षापासून. एखाद्या दिवशी पावाला उंदराने पोखरल्यासारखी भोकं. दोन दिवसांनी विटा. मग चार दिवस सगळं झकास, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मालकिणीने आधी यीस्टवाल्याला धारेवर धरलं. त्या बिचाऱ्याने आईची शपथ घेतली. मग मैदा बदलला, मग पाण्याची टाकी धुतली, मग सगळ्यांनी मिळून हवेला शिव्या दिल्या. हवा काही उत्तर द्यायला येत नाही, त्यामुळे तिच्यावर खापर फोडणं सोपं असतं. एका गोष्टीकडे मात्र कोणी बघितलं नाही, ती म्हणजे ताईंचा हात. बघायची कोणाची हिंमत नव्हती असंही नाही. तेव्हा तरी असं वाटत होतं, की ते कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

ताईंच्या आलं होतं.

ताईंचं वय एकोणपन्नास. अंगाने थोराड, आवाज खणखणीत, नाकावर राग, पण तो यायचा तसा जायचा. म्हणजे पूर्वी जायचा. हल्ली आला की मुक्कामाला राहायचा. कोणी ट्रे जरा आदळला तरी त्या अंगावर धावून जायच्या, आणि मग मैद्याच्या पोत्यांमागे जाऊन डोळे पुसायच्या. आपण का रडतोय हे त्यांचं त्यांनाही कळायचं नाही. एकदा तर हातात चाळणी असताना त्यांना 'चाळणी' हा शब्दच आठवेना. "ते... ते हे द्या ना," असं म्हणत त्या उभ्या राहिल्या, आणि समोरची माणसं हसली. ताईही हसल्या. पण दिवसभर तो शब्द मनात घोकत राहिल्या.

घरी वेगळीच तऱ्हा. नवरा लिफ्टच्या दुरुस्तीची कामं करायचा. दिवसभर लोंबकळून दमलेला जीव, त्याला झोप प्यारी. इकडे ताई पहाटेच्या आत दोनदा तरी घामाने चिंब होऊन उठायच्या, खिडक्या सताड उघडायच्या, पंखा पाचावर करायच्या. आणि दहा मिनिटांत दातावर दात वाजायला लागले की नवऱ्याचं पांघरूण ओढायच्या.

"अगं, ठरव एकदा काय ते," तो कुरकुरायचा. "उन्हाळा की हिवाळा? मला त्याप्रमाणे कपडे घालून झोपता येईल."

एरवी ताईंनी याला तोडीस तोड उत्तर दिलं असतं. आता त्यांनी हुंदका दिला. नवरा घाबरून उठून बसला. त्याने पाणी आणलं, पाय चेपून देऊ का विचारलं, आणि तेव्हापासून विनोद करणं बंद केलं. ताईंना ते जास्तच लागलं.

ताईंनी मनाशी हिशेब मांडला. झोप नाही, डोकं चालत नाही, छातीत मध्येच धडधडतं, बोटांचे सांधे सकाळी वाकत नाहीत, आणि हात, बावीस वर्षांचा हात, खोटं बोलायला लागलाय. त्याचा अर्थ एकच. आपण म्हातारे झालो. जग 'चला उठा' म्हणायच्या आधी आपणच उठावं, यात शहाणपण आहे. पाळीनेही वर्षभर धरसोड चालवली होती, कधी महिन्यात दोनदा, कधी तीन महिने दडी. पण पाळी आणि पीठ यांचा काही संबंध असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. तुमच्या-माझ्याही आलं नसतं.

एका शनिवारी, दुपारच्या खेपेआधी, ताई मालकिणीच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. "या महिनाअखेरीला मी थांबते," त्या म्हणाल्या. "पीठ माझ्या हातून बिघडतंय. यीस्टवाल्याला उगाच शिव्या देऊ नकोस. माझा हात गेला."

मालकीण तिशीची. लहानपणी याच बेकरीत, ताईंच्या पदराला धरून, पावाच्या कडा खात वाढलेली. तिचा चेहरा पांढरा पडला. "ताई, काहीतरीच काय! तुम्ही गेलात तर—" आणि तिला रडूच फुटलं. मग दोघीही डोळे पुसत उभ्या. काम करायची जागा ती, आणि दोघी मुख्य माणसं रडतायत. चांगलं दिसतं का? पण रडल्या खऱ्या.

दारात भट्टीवाले मामा उभे होते. मामांबद्दल थोडं सांगायला हवं. बेकरीची भट्टी त्यांच्याकडे, आणि ताईंशी त्यांचं बावीस वर्षांचं भांडण. मामा म्हणणार, "ताई, तुमचं पीठ आळशी," ताई म्हणणार, "तुमची भट्टी शिष्ट." याशिवाय मामा फारसं बोलतच नसत. दिवसाला दहा शब्द बोलले तर दोन उद्यासाठी राखून ठेवावेत, अशातला माणूस. त्या दिवशी मात्र ते आत आले.

"जायचं तर जा," मामा म्हणाले. "आजचं पीठ तेवढं बघून जा."

"बघतेच आहे. महिनाअखेरीपर्यंत मी कुठे पळून जात नाहीये," ताई फणकारल्या आणि निघाल्या.

यंत्र थांबलं. भट्टी धडधडत होती, खोली तापली होती. ताईंनी बाह्या सारल्या, आणि नेमकं तेव्हाच ते आलं. छातीतून निघालं, मानेवर चढलं, कानापर्यंत पेटलं. कपाळावर घामाचे थेंब. त्यांनी ओठ आवळून हात पिठात घातला. "गार आहे," त्या म्हणाल्या. "दोन मग कोमट."

"घालू नका," मामा म्हणाले.

बावीस वर्षांत कोणी 'घालू नका' म्हटलं नव्हतं. पाण्याचा मग धरणारा माणूस तो तसाच धरून उभा राहिला. मामांनी खिशातून थर्मामीटर काढला, पिठात रोवला आणि आकडा कोणालाही न दाखवता वर फडकं टाकलं. "ताई, दहा मिनिटं बसा. पाणी प्या. मग पुन्हा हात घाला. माझी एवढी एक विनंती."

ताईंना संताप आला. भरल्या खोलीत, सगळ्यांदेखत! पण महिनाअखेरीला जाणारच आहोत तर शेवटचा तमाशाही होऊन जाऊ दे, म्हणून त्या पोत्यावर बसल्या. पाच-सहा मिनिटांत आग उतरली. अंगावरचा घाम गार पडला, आणि नेहमीसारखं काकडायला लागलं. दहा मिनिटांनी त्या उठल्या आणि त्यांनी हात घातला.

"हे तर गरम झालंय," त्या म्हणाल्या. "गार पाणी घाला थोडं."

मामांनी फडकं काढलं. "मघाशी सव्वीस होतं. आत्ता सव्वीस आहे. पाण्याचा एक थेंब पडलेला नाही. ताई, पीठ गार नव्हतं. गरमही नाही. तेच आहे ते." त्यांचे कान लाल झाले. "मधल्या वेळात तुम्ही तापलात आणि निवलात. हात तापला, की पीठ गार लागणारच. हात निवला, की गरम लागणार. तुमचा हात खोटं बोलत नाहीये. त्याला दुसरंच कोणीतरी गंडवतंय."

एवढं लांबलचक भाषण मामांनी आयुष्यात केलं नसेल. मालकीण तोंडावर हात ठेवून उभी होती. ताई मग अगदी लहान आवाजात म्हणाल्या, "मग मी काय करू?"

"डॉक्टरीण बाईंना दाखवा. बायकांच्या. मोठ्या दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर बसतात. सोमवारी सकाळी. आणि कधीपासून काय काय होतंय ते सगळं सांगा, लाजू नका." एवढं म्हणून मामा भट्टीकडे पळाले. हो, पळालेच.

मामांना हे सगळं कुठून कळलं, हा प्रश्न ताईंना पडला. पण विचारायला गेलं की मामा भट्टीत डोकं घालायचे. शेवटी त्यांनी नाद सोडला आणि सोमवारी सुट्टी टाकली.

डॉक्टरीण बाई ताईंच्याच वयाच्या निघाल्या. त्यांनी आधी तपासलं नाही, आधी विचारलं. पाळी कशी येते? घाम कधी येतो, किती वेळा? झोप? धडधड? सांधे? विसरायला होतं? चिडचिड, रडू? लघवीला जळजळ, नवऱ्याजवळ जाताना त्रास? शेवटच्या प्रश्नाला ताईंनी जमिनीकडे बघून मान हलवली. प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणता म्हणता ताईंना वाटलं, ही बाई वर्षभर आपल्या घरात माळ्यावर लपून बसली होती की काय!

"म्हणजे हे सगळं एकच आहे?" त्यांनी विचारलं.

"बहुतेक एकच. पाळी जायच्या आधीची काही वर्षं अशी असतात. शरीरातली हार्मोन्स कमी होताना सरळ कमी होत नाहीत, वरखाली हेलकावे खातात. मेंदूतलं तापमान सांभाळणारं ठिकाण त्याने बावरतं. थोडंसं गरम झालं तरी त्याला वाटतं आग लागली. तुम्ही तर भट्टीशेजारी उभ्या राहता, म्हणजे विचारायलाच नको." बाई हसल्या. "तुमच्या वयात हे ओळखायला हार्मोन्सची रक्ततपासणी लागतेच असं नाही, आज एक आकडा येईल, पुढच्या आठवड्यात दुसरा. पण थायरॉइडची तपासणी करू. तो बिघडला तरीही धडधड, घाम, थकवा, केस गळणं असलं सगळं होतं, आणि त्याचं औषध वेगळं. रक्त कमी झालंय का तेही बघू."

"म्हातारपण नाही?"

"म्हातारपण यायला अवकाश आहे. आलं की मी स्वतः कळवेन."

ताई हसल्या, आणि आपण हसलो हे लक्षात येऊन त्यांना भरून आलं. किती महिन्यांनी हसू आलं होतं कोण जाणे!

तपासण्या झाल्या. थायरॉइड धड होता. मग डॉक्टरीण बाईंनी खुर्ची जवळ ओढली. "औषध घ्यायलाच हवं असं नाही," त्या म्हणाल्या. "पुष्कळ बायकांना थोडाफार त्रास होतो आणि जातो. हलके कपडे, चालणं, वेळेवर झोप, चहा-कॉफी कमी, एवढ्यावर भागतं. मी एकच प्रश्न विचारते. हा त्रास तुमच्या झोपेच्या, कामाच्या, घरच्या माणसांच्या आड येतोय का?"

"मी नोकरी सोडायला निघाले होते," ताई म्हणाल्या.

"मग हार्मोन्सच्या औषधाचा विचार करायची वेळ आली."

पुन्हा प्रश्न. स्तनाचा कॅन्सर कधी झाला होता? आईला, बहिणीला? पायात, फुफ्फुसात रक्ताची गाठ? अर्धांगवायूचा झटका, हृदयविकार? यकृताचं दुखणं? पाळी नसताना, कारण न समजता रक्त गेलं? यातलं काही असलं, तर हे औषध बहुधा नको, किंवा आधी पुरता शोध घ्यायला हवा, हे बाईंनी बजावलं. रक्तदाब मोजला. मॅमोग्राफी करून घेतली. जोखीम अजिबात नाही असं सांगितलं नाही, हे ताईंना फार आवडलं. वर्षानुवर्षं घेतलं तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडासा वाढतो, पण पन्नाशीच्या आसपास सुरू केलं आणि बाकी तब्येत धड असली, तर बहुतेकींना फायदा जास्त होतो. दर वर्षी भेटून पुन्हा ठरवायचं, चालू ठेवायचं की थांबवायचं. कमरेखाली चिकटवायची छोटीशी पट्टी, आठवड्यातून दोनदा बदलायची. आणि गर्भाशय आहे म्हणून त्याच्या रक्षणासाठी झोपताना एक वेगळी गोळी. गोळी विसरायची नाही. पट्टीला भट्टीची धग थेट लागू द्यायची नाही. वेडंवाकडं रक्त गेलं तर ताबडतोब यायचं.

"आणि हात?" ताईंनी विचारलं. "हात परत येईल?"

"हात कुठे गेलेलाच नाही," बाई म्हणाल्या. "पण हे दोन दिवसांत होत नाही. दोन-तीन महिने धीर धरा."

धीर! ताईंच्या स्वभावात ती चीज नव्हतीच. पहिल्या आठवड्यात पट्टी नीट दाबून लावली नाही म्हणून ती गायब झाली, आणि शोधाशोध केल्यावर नवऱ्याच्या पायजम्याला चिकटलेली सापडली. "बघ हं," नवरा म्हणाला, "उद्यापासून मीही रडायला लागलो तर दोष तुझा." बोलून गेला आणि दचकून बायकोकडे बघायला लागला. ताई खो खो हसत सुटल्या. त्या दिवसापासून घरात विनोद पुन्हा सुरू झाले, आणि ते पूर्वीइतकेच फालतू होते.

बेकरीत थर्मामीटर टेबलावर आला. ताईंना पहिले काही दिवस त्याच्याकडे बघवेना. पण मालकीण मोठी गोड पोरगी. ती म्हणाली, "ताई, बाबांनी फर्मान काढलं ते तिघांचं भांडण मिटवायला. तुम्हाला एकटं पाडायला नाही." हे ऐकल्यावर ताईंनी स्वतःच नवीन रीत घातली. आधी हात, मग थर्मामीटर, आणि शंका आली तर कोणीही, अगदी झाडणाऱ्या बाईनेही, 'पुन्हा बघा' म्हणायचं.

याच दिवसांत त्यांना आणखी एक गोष्ट कळली, तीही मालकिणीकडून. वर्षभर मामा त्यांचं बिघडलेलं पीठ गुपचूप सावरत आले होते. जास्त फुगलेले साचे आधी भट्टीत, ढिम्म साचे कोपऱ्यात उबेला, तासभर उशिरा. निम्मा माल वाचला तो त्यामुळे. त्यासाठी मामांनी कितीदा तरी जेवणाची सुट्टी सोडली होती, आणि ताईंपाशी चकार शब्द काढला नव्हता. उलट रोज "तुमचं पीठ आळशी" चालूच.

पाचव्या आठवड्यात पहिल्यांदा ताई सलग सहा तास झोपल्या. नवव्या आठवड्यात घाम आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळेवर आला. शब्द परतले, सांधे सैल झाले. अकराव्या आठवड्यात त्यांनी पिठात हात घातला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "सव्वीसला जरासं कमी. बास!" थर्मामीटर म्हणाला, पावणेसव्वीस. सगळी बेकरी ओरडली. मालकिणीने ताईंना मैद्याच्या हातांनी मिठी मारली. ताईंच्या पाठीवर दोन पांढरे पंजे उमटले, ते त्या दिवसभर तसेच मिरवत फिरल्या.

संध्याकाळी त्या मामांना गाठायला भट्टीपाशी गेल्या. सकाळपासून वाक्यं जुळवली होती. "मामा, तुमचे उपकार—"

"माझे कसले!" मामा कुठे पळता येईना म्हणून पाव काढायच्या लांब फावड्याच्या मागे उभे राहिले. "मला त्यातलं काय कळतंय? ते सगळं आमच्या घरातून आलं. आभार मानायचे तर तिकडे जा."

बावीस वर्षांत ताई मामांच्या घरी कधी गेल्या नव्हत्या. मामींना त्यांनी पाहिलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, ताज्या पावांची पिशवी घेऊन, त्या दोन जिने चढून गेल्या. दार उघडलं एका बारीक, चष्मा लावलेल्या बाईने. ताईंनी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "या ताई. हे सांगत होते तशी तब्येत सुधारलेली दिसतेय. रंग परत आलाय."

मामी शाळेत गणित शिकवायच्या. सहा वर्षांपूर्वीपर्यंत. "एक दिवस फळ्यासमोर उभी होते, आणि सातचा पाढा आठवेना," त्या साधेपणाने सांगायला लागल्या. "मुलं हसली. अंगातून आग निघत होती. त्याआधीही तसं दोन-तीनदा झालं होतं. मी घरी आले आणि राजीनामा लिहिला. मला वाटलं, डोकं गेलं. यांनाही काही कळलं नाही. म्हणाले, थकली आहेस, घरी बस. चांगल्या मनानेच म्हणाले हो. कारण कळलं ते दोन वर्षांनी, त्याच तिसऱ्या मजल्यावर. मला तुमचं औषध चालत नव्हतं, आधी कधीतरी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं. पण दुसरी औषधं होती, हार्मोन्स नसलेली. त्यांनी बरं वाटलं. झोप आली, पाढेही आले. तोवर शाळेत दुसऱ्या बाई लागल्या होत्या."

ताईंनी मांडीवरची पावांची पिशवी मामींच्या हातात दिली.

"मग गेल्या वर्षी हे म्हणाले, ताईंचं पीठ बिघडतंय, कधी असं, कधी तसं. मी म्हटलं, पीठ राहू दे, ताई कशा आहेत? हे म्हणाले, ताईंचं काय, ट्रेचं झाकण घेऊन वारा घेत असतात. माझ्या लगेच लक्षात आलं. यांना कामाला लावलं. पीठ बघताना ताई लाल दिसल्या का, काकडत होत्या का, आणि त्या दिवशी पाव कसे निघाले, रोज सांगायचं. दोन महिन्यांत गणित सुटलं. लाल असल्या की भोकं, काकडत असल्या की विटा."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"कोणत्या तोंडाने? ओळख ना पाळख. आणि मला त्या वेळी कोणी येऊन सांगितलं असतं, तर मी त्याला दाराबाहेर काढलं असतं. म्हणून यांना म्हटलं, सांगू नका, दाखवून द्या. पण हा माणूस घाबरट! थर्मामीटर खिशात घालून रोज जायचा आणि रोज तसाच परत आणायचा. सहा महिने! 'ताईंच्या हाताला कसं काय बोलायचं,' म्हणायचा." मामी हसल्या, आणि मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "मला एकच भीती होती. हे धीर करायच्या आधी तुम्ही नोकरी सोडाल. माझं जे झालं ते झालं. पण हे संध्याकाळी आले, की मी दारातच विचारायची, ताई आहेत ना अजून कामावर? हे म्हणायचे, आहेत. मगच मी पानं घ्यायची."

सहा महिने. रोज. आणि ताईंना या घराचं दारही ठाऊक नव्हतं. जुळवून आणलेलं एकही वाक्य त्यांना आठवेना. त्या उठल्या, मामींच्या गळ्यात पडल्या आणि मोठ्याने, लाज न बाळगता रडल्या. मामींनी त्यांना रडू दिलं.

"आहे मी कामावर," बऱ्याच वेळाने ताई म्हणाल्या. "मामी, मी आहे अजून कामावर."